रेवदंडा

रायगड जिल्ह्याच्या (१९८१ पूर्वीचा कुलाबा) अलिबाग तालुक्यातील गाव. कुंडलिका नदीच्या मुखाशी, अलिबागच्या दक्षिणेस सु. १७ किमी. भिरा वीजकेंद्रातून बाहेर पडलेले पाणी घेऊन कुंडलिका रोहे व धाटाव यांच्याजवळून वाहते आणि येथे समुद्रास मिळते. समोरच्या काठावर कोर्लई (ता. मुरूड). जुने चौल बंदर लगतच असून रेवदंडा म्हणजे पोर्तुगीजांचे खालचे चौल.

पोर्तुगीजांची वखार येथे सोळाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात आली व नंतर किल्ला उभा राहिला. १५७०-७१ मध्ये मुर्तझा निजामशहाने वेढा घातला, तेव्हा सगळ्या नगराला तट नव्हता. साहजिकच तटाबाहेरील मठांतही मोर्चे बांधून लढाई झाली. १७३९ मध्ये वसई पडली आणि पुढल्याच वर्षी चौल व कोर्लई मराठ्यांकडे आली.

गावाचे खरे महत्त्व तटाच्या आतील चर्चवास्तूंत आहे. फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, जेझुइट व ऑगस्टिनियन या चारही पंथांची चर्चे येथे होती. नगराचे मुख्य धर्मग्रामीय चर्च (मात्रिझ) त्यांहून वेगळे. प्रवासी पाहतात तो बहुधा सेंट बार्बरा चर्चचा फ्रान्सिस्कन मनोरा. त्याला गावात ‘सातखणी’ म्हणतात, पण वरचे खण ढासळले आहेत. वास्तुरचना समजून घ्यायची तर डॉमिनिकन चर्च अधिक उपयोगी. त्याचे लांबट सभागृह उघडे पडले आहे, मात्र वेदीवरचे गजपृष्ठाकार दगडी छत टिकून आहे. त्याच्या पोटाला चौकटी पाडलेल्या दिसतात. सभागृह उघडे पडले, पण हे छत टिकले याचे कारण बांधणीतच आहे. अशा चर्चांत सभागृहावर लाकडी वासे व कौले असत. वस्ती उठली की लाकूड कुजते किंवा लोक काढून नेतात आणि कौले खाली येतात. वेदीवरची कमान मात्र आपलाच भार जाड भिंतींवर टाकून उभी राहते. चुना धरून ठेवणाऱ्या या भिंतींत पिंपळ-वडाची मुळे शिरत आहेत. ती काढणे आणि प्रत्येक अवशेषाचा मोजमापी आराखडा करणे ही कामे तातडीची आहेत.

सेंट झेवियरचे छोटे प्रार्थनामंदिरही येथे आहे, संत फ्रान्सिस झेवियरने (मृ. १५५२) येथे धर्मोपदेश केल्याची परंपरा सांगतात. कोर्लईच्या किल्ल्यात बिनछपराचे चर्च आहे. कोर्लई गावातील माउंट कार्मेल मातेचे चर्च आजही वापरात आहे. तेथील ख्रिस्ती कुटुंबांत पोर्तुगीजमिश्रित बोली (‘नो लिंग’) चालते. तिच्यावरील क्लेमेंट्स यांचा ग्रंथ १९९६ चा.

पंधराव्या शतकात चौलला उतरलेल्या अफनासी निकितीन या रशियन प्रवाशाचे स्मारक गावात आहे.

नारळ-सुपारीच्या वाड्या, मासेमारी व पर्यटन हे प्रमुख व्यवसाय. खाडीपलीकडे साळाव येथे पोलाद उद्योगाचा कारखाना आहे. जवळचे रेल्वेस्थानक रोहे. कोकण रेल्वेचा मार्ग तेथूनच सुरू होतो (१९९८).