चढाची ताकद आणि उताराची पकड : भोर-वेल्ह्याचे घाटरस्ते व ऑल व्हील ड्राइव्ह मोटारीचा इतिहास

प्रस्तावना

पुणे जिल्ह्याच्या दक्षिण व नैर्ऋत्य भागात वसलेले भोर आणि वेल्हे हे दोन तालुके म्हणजे सह्याद्रीच्या कुशीतील मावळ प्रदेश होय. यांपैकी वेल्हे तालुका आता राजगड या नावाने ओळखला जातो. नीरा, वेळवंडी, गुंजवणी आणि कानंदी या नद्यांच्या खोऱ्यांतून जाणारे येथील रस्ते अरुंद, वळणावळणाचे व पावसाळ्यात सतत ओले असतात. अलीकडच्या काळात पुणे शहर व परिसरातील वाहनधारक वर्षा सहलीसाठी वरंधा घाट, पाबे घाट, अंबाडखिंड घाट, तसेच केळदजवळील मढे घाटाचा माथा या ठिकाणी मोठ्या संख्येने येऊ लागले आहेत. त्यांच्या वाहनांमध्ये चारही चाकांना इंजिनाची गती पुरविणाऱ्या, म्हणजेच ऑल व्हील ड्राइव्ह पद्धतीच्या वेगवान मोटारीही दिसतात. ‘अशी मोटार ओल्या घाटात घसरत नाही’ असा एक समज या निमित्ताने रूढ होताना आढळतो.

प्रस्तुत लेखात या समजाची तपासणी दोन अंगांनी केली आहे. एक म्हणजे या प्रदेशातील घाटवाटांचा इतिहास आणि दुसरे म्हणजे चारही चाकांना गती देणाऱ्या यंत्ररचनेचा इतिहास. चढण्याचा प्रश्न यंत्राने बऱ्याच अंशी सोडविला, मात्र उतरण्याचा व वळण्याचा प्रश्न होता तेथेच राहिला, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

घाटवाटांची ऐतिहासिक पार्श्वभूमी

शिवकाळात हा प्रदेश रोहिड खोरे, हिरडस मावळ, वेळवंड खोरे, गुंजण मावळ व कानद मावळ अशा विभागांत ओळखला जात असे. तोरणा व राजगड हे स्वराज्याच्या प्रारंभकाळातील महत्त्वाचे किल्ले याच परिसरात आहेत. कोकणात उतरण्यासाठी मढे घाट, उपांड्या घाट यांसारख्या पाऊलवाटा वापरात होत्या. नरवीर तानाजी मालुसरे यांचे पार्थिव मढे घाटानेच उमरठ्याकडे नेण्यात आले, अशी परंपरा सांगते.

त्या काळातील रस्त्याविषयीची दृष्टी आजच्या दृष्टीहून मूलतः भिन्न होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त गडाकडे जाणारा मार्ग सुगम असू नये, असा विचार मांडलेला आहे. वाटेची दुर्गमता हा तेव्हा दोष नव्हता. तो संरक्षणाचा भाग होता. माणूस, घोडा आणि पाठीवर ओझे वाहणारा बैल यांना जेवढी वाट पुरे, तेवढीच ती ठेवली जात असे. कोकणातील मीठ घाटमाथ्यावर येत असे तेही अशाच वाटांनी. पायाने चालणाऱ्या जनावराला चढ आणि उतार यांतील फरक सोसता येतो, कारण त्याचा प्रत्येक पाय स्वतंत्रपणे जमीन चाचपून पडतो. चाकाला ही सोय नाही.

चाक घाटात आले तेव्हा रस्त्याचे स्वरूप बदलणे अपरिहार्य ठरले. येथे नामसाधर्म्यामुळे होणारा एक गोंधळ दूर करणे आवश्यक आहे. इंग्रजी कागदपत्रांत ‘भोर घाट’ म्हणून येणारा घाट हा भोर गावाजवळचा नसून खंडाळ्याचा बोरघाट होय. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, १८३० मध्ये, त्या घाटातील गाडीरस्ता खुला झाला. १८६३ मध्ये तेथूनच रेल्वे वर चढली. त्या लोहमार्गाचा तीव्रतम चढ ३७ फुटांस १ फूट इतका होता. मुंबई-पुणे व्यापाराचा मुख्य ओघ या मार्गाने वळला आणि भोर-महाड दरम्यानचा वरंधा घाट तुलनेने दुय्यम राहिला.

तथापि स्थानिक दृष्ट्या त्याचे महत्त्व टिकून होते. पंतसचिवांच्या भोर संस्थानाचा मुलूख घाटमाथ्यावरील प्रचंडगड-राजगडाच्या परिसरापासून घाटाखालील सुधागडापर्यंत पसरलेला होता. त्यामुळे घाट हा संस्थानाच्या सीमेवरचा अडसर नव्हता, तर त्याच्या दोन भागांमधील दुवा होता. ८ मार्च १९४८ रोजी भोर संस्थान विलीन झाले. त्याच वर्षी १ जून रोजी राज्य परिवहनाची पहिली बस पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. पुढे एस.टी. आणि तिच्या जोडीने वडाप जीप यांनी मावळातील गावे बाजाराशी, शाळेशी व दवाखान्याशी जोडली.

चारही चाकांना गती : एका कल्पनेचा प्रवास

चारही चाकांना गती देण्याची कल्पना मोटारीइतकीच जुनी आहे. नेदरलँड्समधील स्पायकर बंधूंनी १९०३ मध्ये अशी मोटार तयार केली होती. परंतु या रचनेला व्यापक उपयोग मिळाला तो दुसऱ्या महायुद्धात, १९४१ पासून मोठ्या संख्येने तयार झालेल्या विलिस जीपमुळे. भारतात महिंद्र समूहाने १९४७ मध्ये विलिस जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे जीप हा शब्द मराठी बोलीतही रुळला. या जीपचा हेतू वेग हा नव्हता. चिखल, ओढा व कच्चा चढ यांतून बाहेर पडणे एवढेच तिचे काम होते. घाटातील वडाप जीप मात्र बहुधा केवळ मागच्या दोन चाकांवरच चालत असे, ही बाब लक्षणीय आहे.

या रचनेचा वेगवान मोटारीशी संबंध जोडला तो ट्रॅक्टरसाठी प्रसिद्ध असलेल्या हॅरी फर्ग्युसन यांच्या संशोधनाने. ओल्या रस्त्यावरील सुरक्षितता हा त्यांच्या प्रयत्नांचा मुख्य हेतू होता. २३ सप्टेंबर १९६१ रोजी इंग्लंडमधील औल्टन पार्क येथे स्टर्लिंग मॉस यांनी फर्ग्युसन पी-९९ ही चारही चाकांवर चालणारी शर्यतीची मोटार ओलसर मार्गावर चालवून विजय मिळविला. त्यानंतर १९६६ मध्ये आलेल्या जेन्सन एफएफ या मोटारीत चारही चाकांच्या चालनाला चाक जॅम होऊ न देणाऱ्या ब्रेकची जोड देण्यात आली. या मोटारी केवळ ३२० तयार झाल्या. परंतु ओल्या रस्त्यासाठी केवळ गती देणारी चाके पुरेशी नाहीत, ब्रेकचाही स्वतंत्र विचार हवा, हे त्या रचनाकारांनी तेव्हाच ओळखले होते.

पुढे १९७७ च्या हिवाळ्यात फिनलंडमधील चाचण्यांच्या वेळी ऑडीचे अभियंते यॉर्ग बेन्सिंगर यांनी फोक्सवॅगनच्या इल्टिस या लष्करी वाहनाची बर्फावरील कामगिरी पाहिली. त्यातून १९८० मध्ये ऑडी क्वाट्रो जगासमोर आली. जागतिक रॅली स्पर्धेतील उत्पादकांचे अजिंक्यपद तिने १९८२ व १९८४ मध्ये ऑडीला मिळवून दिले. १९८९ च्या निस्सान स्कायलाइन जीटी-आर मध्ये मागची चाके घसरू लागताच काही गती पुढच्या चाकांकडे वळविणारी विद्युत-नियंत्रित रचना आली. एकविसाव्या शतकात छत्रपती संभाजीनगरजवळील शेंद्रा येथे ऑडी मोटारींची जुळणी सुरू झाली आणि ही परंपरा महाराष्ट्राच्या रस्त्यांवर येऊन पोहोचली.

ओल्या वळणाचे गणित

घाटातील मोटारीचे वर्तन समजून घेण्यासाठी चढ, उतार व वळण या तीन अवस्था वेगळ्या करणे इष्ट ठरेल. कोरड्या डांबरावर टायर व रस्ता यांमधील घर्षणाचा गुणांक ढोबळमानाने ०.८, ओल्या डांबरावर ०.४ आणि चिखलाचा थर असल्यास ०.२ मानता येईल.

चढाच्या बाबतीत ऑल व्हील ड्राइव्हचा लाभ निर्विवाद आहे. दहा मीटरला एक मीटर अशा चढावर मोटारीला आपल्या वजनाच्या सुमारे एक दशांश इतके बल लागते. केवळ दोन चाके ओढत असतील आणि त्यांवर निम्मे वजन असेल, तर त्या चाकांना ०.२ इतके घर्षण हवे. म्हणजे चिखलावर ती मोटार जागीच चाके फिरवू लागेल. चारही चाके ओढत असतील तर ०.१ पुरे होते. वळणातून बाहेर पडताना वेग वाढवितानाही हाच लाभ मिळतो. ओढीचा भार चार चाकांत विभागल्याने प्रत्येक टायरकडे मोटार वळणावर धरून ठेवण्यासाठी अधिक घर्षण शिल्लक राहते.

उताराची गोष्ट वेगळी आहे. ब्रेक सर्वच मोटारींच्या चारही चाकांना असतात. त्यामुळे थांबण्याच्या अंतरात ऑल व्हील ड्राइव्ह काहीही भर घालीत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार सपाट कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागल्यानंतर सुमारे १८ मीटरमध्ये थांबते. तीच ओल्या रस्त्यावर ३५ मीटर आणि वीस मीटरला एक मीटर अशा ओल्या उतारावर ४० मीटरहून अधिक अंतर घेते. चालकाच्या प्रतिक्रियेला लागणारे अंतर यात धरलेले नाही. इंजिनाचा रोध चारही चाकांत विभागला जातो एवढाच अल्प फायदा उतारावर संभवतो.

वळणाच्या बाबतीत वेगाची मर्यादा घर्षण व वळणाची त्रिज्या यांवर अवलंबून असते. किती चाके ओढतात यावर ती अवलंबून नसते. १५ मीटर त्रिज्येच्या सपाट वळणावर ही मर्यादा कोरड्या डांबरावर ताशी सुमारे ३९, ओल्या डांबरावर २८ आणि चिखलावर २० किलोमीटर इतकी येते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांत डोंगरी रस्त्यावरील तीव्र वळणासाठी आतील त्रिज्या किमान १४ मीटर आणि रचनावेग ताशी २० किलोमीटर धरलेला आहे. हा आकडा जुनाट वाहनांसाठी ठरविलेला नाही. पावसाळी घाटातील सर्वांत वाईट अवस्थेशी तो जुळतो, आणि महागड्या मोटारीलाही तो तितकाच लागू आहे.

शिवाय ज्या मोटारीत इंजिनाचे वजन पुढे अधिक असते, ती ओल्या वळणावर वेगाने शिरल्यास सरळ पुढे सरकू पाहते. स्पोर्ट्स मोटारीचे कडक सस्पेन्शन खड्ड्यांच्या व डागडुजी केलेल्या रस्त्यावर टायरचा जमिनीशी असलेला संपर्क क्षणभर तोडते. मात्र सर्वांत मोठा धोका मानसिक आहे. दोन चाकांवर चालणारी मोटार चढावर चाक फिरवून चालकाला रस्ता निसरडा असल्याची सूचना देते. ऑल व्हील ड्राइव्ह मोटार ही सूचनाच गाळून टाकते. चालकाला रस्त्याच्या निसरडेपणाची पहिली जाणीव होते ती ब्रेक दाबल्यावर, आणि तोपर्यंत वेग वाढलेला असतो.

घाटाची परंपरागत शिस्त व आजचा प्रश्न

‘ज्या गिअरमध्ये चढायचे, त्याच गिअरमध्ये उतरायचे’ हा एस.टी. व ट्रकचालकांचा जुना दंडक आहे. अरुंद घाटात उतरणाऱ्या वाहनाने चढणाऱ्यास वाट द्यावी, हा नियम १९८९ च्या रस्ता विनियमांत समाविष्ट झाला. पोटात पाणी न हलू देता गाडी उतरविणे हे घाटातील चालकाचे खरे कसब मानले गेले. एप्रिल २०१९ पासून भारतात नव्या मोटारींना एबीएस ब्रेक अनिवार्य झाले. त्यामुळे ब्रेक दाबूनही मोटार वळविणे शक्य झाले. परंतु तेही अस्तित्वात नसलेले घर्षण निर्माण करू शकत नाहीत.

या प्रश्नाची सामाजिक बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून मोठी जीवितहानी झाली. त्याच पावसाने वरंधा घाटाचेही नुकसान झाले. त्यानंतर पावसाळ्यात हा घाट वाहतुकीसाठी बंद ठेवण्याचे आदेश प्रशासनाला काढावे लागले आहेत. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११५ मध्ये अशा निर्बंधांची तरतूद आहे. कोसळणाऱ्या दरडीपुढे कोणतीही यंत्ररचना निरुपयोगी असते. घाट बंद झाला की पर्यटकाची एक सहल हुकते. शिरगाव, हिर्डोशी किंवा माझेरी येथील रहिवाशाचा मात्र बाजार, नातेसंबंध आणि उपचार यांचा मार्ग तुटतो. घाट खुला असताना याच रस्त्यावरून दुधाचे कॅन लावलेली दुचाकी, गुराखी, शाळकरी मुले आणि एस.टी. यांची ये-जा सुरू असते. वेगवान मोटारीचा अंदाज चुकल्यास त्याची किंमत अनेकदा त्यांनाच मोजावी लागते, कारण लोखंडी कवच व एअरबॅग यांचे संरक्षण त्यांना नसते.

निष्कर्ष

१. भोर-वेल्ह्याच्या घाटवाटांची दुर्गमता शिवकाळात संरक्षणाचे साधन होती. चाकाच्या आगमनानंतर ती अभियांत्रिकीचा व पुढे सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न बनली.

२. ऑल व्हील ड्राइव्ह रचनेने ओल्या चढावरील ओढीचा प्रश्न बऱ्याच अंशी सोडविला. थांबण्याचे अंतर व वळणावरील वेगमर्यादा यांत तिने मूलभूत बदल केलेला नाही.

३. ओल्या घाटात मोटारीची सुरक्षितता चालनपद्धतीपेक्षा टायरची स्थिती, वळणापूर्वीचा वेग आणि रस्त्यावरील चिखल व पाणी यांवर अधिक अवलंबून असते. म्हणून पाण्याचा निचरा, बाजूची गटारे व संरक्षक कठडे यांवरील खर्च हा सर्व प्रकारच्या वाहनांच्या हिताचा ठरतो.

४. वाहनचालक प्रशिक्षणात घाट उतरण्याच्या कौशल्याला स्वतंत्र स्थान देणे आवश्यक आहे. एस.टी. चालकांचा अनुभव त्यासाठी मोलाचा आधार ठरू शकेल.

फर्ग्युसन यांच्या संशोधनाचा उगम ओल्या रस्त्यावर माणूस वाचावा या हेतूत होता. तीच रचना वरंधा किंवा पाबे घाटात धाडसाचा परवाना म्हणून वापरली जात असेल, तर तो दोष यंत्राचा नव्हे, तर त्याच्याविषयीच्या अपुऱ्या आकलनाचा होय. हे आकलन वाढविण्याचे काम घाटाच्या पायथ्याशी असलेल्या शाळा-महाविद्यालयांनाही करता येण्यासारखे आहे, कारण त्या रस्त्याने रोज येणारे विद्यार्थी त्यांचेच आहेत.