वऱ्हाडचा धनी कोण?

हिवरा आश्रमाच्या परिसरातून सिंदखेडराजा ओलांडून जालन्याकडे निघालेल्या एसटीतल्या प्रवाशाला वाटेत हद्द कधी लागली ते कळतही नाही. जिल्हा बदलतो, इतकेच. पण १९४८ पर्यंत तिथे दोन राजवटींची सीमा होती. अलीकडे वऱ्हाड, पलीकडे निजामाचे राज्य. आपल्याकडची जुनी माणसे पलीकडच्या मुलखाला ‘मोगलाई’ म्हणत. गंमत अशी, की कागदोपत्री अलीकडचा मुलूखही निजामाचाच होता! अंमल मात्र इंग्रजांचा.

हे त्रांगडे झाले कसे? १८०३ साली अडगाव आणि गाविलगड येथे नागपूरकर भोसल्यांचा पराभव झाला. देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख त्यांनी सोडला आणि कंपनी सरकारने तो आपला दोस्त निजाम याच्या पदरात घातला. दोस्तीची किंमतही लावली. इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या ‘हैदराबाद कंटिन्जंट’ या फौजेचा खर्च निजामाने द्यायचा. तो थकत गेला, कर्ज वाढले. अखेर २१ मे १८५३ च्या तहाने डलहौसीच्या सरकारने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिवचा भाग खर्चापोटी ताब्यात घेतला. १८५७ च्या उठावात हैदराबादने इंग्रजांना साथ दिली. त्याचे बक्षीस म्हणून १८६० साली पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले, रायचूर आणि धाराशिव परत मिळाले. वऱ्हाड मात्र मिळाले नाही.

कारण लवकरच उघड झाले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना. तेव्हा वऱ्हाडच्या काळ्या मातीला सोन्याचे मोल आले. शेगाव, अकोल्यावरून जाणारी आगगाडी १८६७ साली नागपूरला पोहोचली. खामगावच्या कापूस बाजारासाठी वेगळा फाटा निघाला. असा मुलूख कोण सोडील? हैदराबादचे दिवाण सालारजंग यांनी फौजेच्या खर्चाची हमी देऊ केली, १८७६ साली ते विलायतेपर्यंत गेले. हात हलवत परतले.

१९०२ साली लॉर्ड कर्झनने नवा करार केला. वऱ्हाडवर निजामाचे सार्वभौमत्व मान्य, पण मुलूख इंग्रजांकडे कायमच्या पट्ट्याने, वर्षाला पंचवीस लाख रुपये खंडाने. शेत कसणारा एक, सातबारावर नाव दुसऱ्याचे, तशातली ही गोष्ट. पुढच्याच वर्षी वऱ्हाडचा कारभार मध्य प्रांताला जोडला गेला. १९२३ साली निजाम उस्मान अली यांनी मुलूख परत मागितला. २७ मार्च १९२६ च्या उत्तरात लॉर्ड रीडिंगने स्पष्ट बजावले, की कोणत्याही संस्थानिकाला ब्रिटिश सरकारशी बरोबरीच्या नात्याने बोलता येणार नाही. १९३६ साली थोडे गोंजारले. निजामाच्या किताबात ‘वऱ्हाड’ हा शब्द आला, युवराज ‘प्रिन्स ऑफ बेरार’ झाले. जमीन नाही, बिरुद मिळाले!

पण कागदावरची शाई कधी कधी फार दिवस टिकते. जुलै १९४७ मध्ये इंग्रज जायला निघाले, तेव्हा हैदराबादच्या शिष्टमंडळाने माउंटबॅटन यांच्यापुढे वऱ्हाड परत द्या, अशी मागणी ठेवली. ती मान्य झाली असती, तर बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ हा सारा टापू स्वतंत्र हैदराबादच्या वादात ओढला गेला असता. नोव्हेंबर १९४७ च्या जैसे थे कराराने वेळ मारून नेली, भांडण मिटले नाही. लंडनमध्ये विरोधी पक्षनेते चर्चिल निजामाची बाजू मांडत होते. २१ ऑगस्ट १९४८ रोजी हैदराबादने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीकडे भारताविरुद्ध तक्रार नेली. हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे, असे दिल्लीचे म्हणणे होते. १६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये समितीने तक्रार विषयपत्रिकेवर घेतली. तोवर भारतीय फौजा हैदराबाद राज्यात शिरून तीन दिवस झाले होते. १७ ला निजामाने शरणागती पत्करली आणि काही दिवसांतच तक्रार मागे घेत असल्याची तार केली.

मोठ्या सत्ता दुसऱ्याच्या भांडणात पडतात, तेव्हा बहुधा भांडण मिटवत नाहीत. सोयीने झुलते ठेवतात. इंग्रजांनी निजामाला नाव दिले आणि स्वतःकडे उत्पन्न ठेवले. त्या रिकाम्या नावाचाच पुढे दावा झाला. या साऱ्या तह-करारांत, १८०३ पासून १९३६ पर्यंत, एक गोष्ट मात्र कधीच घडली नाही. मेहकरच्या, चिखलीच्या, खामगावच्या कास्तकाराला कुणी विचारले नाही, की बाबा रे, तुला कुणाच्या राज्यात राहायचे आहे? मत देऊन आपले सरकार निवडण्याचा हक्क सरसकट प्रत्येक प्रौढ कास्तकाराला प्रथम १९५१-५२ च्या निवडणुकीत मिळाला. तेव्हा कुठे वऱ्हाडच्या धन्याचा प्रश्न खऱ्या अर्थाने सुटला.