जलसापळा (ट्रॅप)

बेसिन, मोरी, संडास इत्यादींच्या सांडपाणी-नळाला दिलेला, पाणी धरून ठेवणारा बाक. साधारणपणे ५० मिमी. खोलीच्या या पाण्यामुळे गटारातील वायू व दुर्गंधी घरात शिरत नाही. लंडनमधील स्कॉटिश घड्याळजी अलेक्झांडर कमिंग यांनी १७७५ मध्ये पेटंट घेतलेल्या शौचकूपात (पहा : शौचकूप) असा ‘एस’ आकाराचा नळ होता.

बेसिनखाली बॉटल ट्रॅप, मोरीत नहाणी ट्रॅप, तर घराबाहेर गटारजोडणीपूर्वी गली ट्रॅप बसवितात. वरच्या मजल्यावरून पाणी एकदम सुटल्यास नळातील दाब घटून सापळ्यातील पाणी ओढले जाते (पहा : वक्रनलिका), म्हणून उभ्या नळाला गच्चीवर उघडणारा वायुनळ जोडतात. बंद घरात हे पाणी आटते व वास येऊ लागतो. उपाय एवढाच, की मोरीत तांब्या-दोन तांबे पाणी ओतावे.

केस, साबणाचा साका, भाताची शिते यांनी सापळा तुंबतो. नहाणी ट्रॅपची जाळी उचलून गाळ काढतात. काही प्रकारांत जाळीखाली उपडी वाटी असते. पाण्याचा अडसर तिच्यामुळेच टिकतो, पण सफाईनंतर नेमकी तीच बाहेर राहते. बॉटल ट्रॅपचा खालचा पेला हाताने फिरवून सुटतो. त्याआधी खाली बादली ठेवावी व परत बसविताना रबरी वायसर तपासावा.