मरणाच्या दारी माणसाचा शब्द



"देवानं चालता-बोलता न्यावं, अंथरुणाला खिळवू नये," असे आपल्या घरातली वडीलधारी माणसे नेहमी म्हणतात. या बोलण्यात मरणाची भीती कमी, परस्वाधीन होण्याची भीती जास्त असते. पूर्वी ही गोष्ट देवावर सोपवून माणूस मोकळा होत असे. पुढे छातीत हवा भरणारे यंत्र आले, नाकातून पोटात अन्न सोडणारी नळी आली. बरे होण्याची आशा संपलेला रोगीसुद्धा आता आठवडेच्या आठवडे श्वास घेत राहू शकतो. मग हे थांबवायचे का, कधी थांबवायचे आणि कुणाच्या शब्दावर, असा प्रश्न उभा राहतो. या प्रश्नाचा आपल्याकडील इतिहास आज थोडक्यात पाहू.

आपण होऊन मरणाला सामोरे जाण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. जैन धर्मात सल्लेखना नावाचे व्रत आहे. आचार्य शांतिसागर महाराजांनी 1955 साली कुंथलगिरी येथे हे व्रत घेऊन देह ठेवला. 1924 ते 1937 या काळात ज्यांना सरकारने आपल्या रत्नागिरीत स्थानबद्ध करून ठेवले होते, त्या स्वातंत्र्यवीर सावरकरांनी 1966 च्या फेब्रुवारीत मुंबईला अन्न आणि औषध सोडले. 26 फेब्रुवारीला त्यांचा अंत झाला. आत्महत्या वेगळी आणि कार्य संपल्यावर केलेले आत्मार्पण वेगळे, असे त्यांनी त्याआधीच लिहून ठेवले होते. कोकणातल्याच गागोदे गावी जन्मलेल्या विनोबांनी 1982 च्या नोव्हेंबरात हृदयविकाराच्या झटक्यानंतर अन्न व औषध नाकारले आणि 15 तारखेला पवनार येथे देह ठेवला.

या तिघांचे विचार किती निराळे, हे मी सांगायला नको. त्यांनी केले ते योग्य की अयोग्य, यावरही एकमत नाही. 2015 साली राजस्थान उच्च न्यायालयाने सल्लेखनेला आत्महत्येच्या पंक्तीत बसवले आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. पण या तिघांत एक गोष्ट समान होती. आपल्या मनात काय आहे ते तिघेही आपल्या तोंडाने सांगू शकत होते. ज्याला बोलताच येत नाही त्याचे काय, हा प्रश्न तिथे उद्भवला नाही.

आता कायद्याकडे वळू. इंग्रजांनी केलेल्या दंडसंहितेत 309 कलमाखाली आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता आणि त्याला एक वर्षापर्यंत कैद होती. मुंबईच्या एका पोलीस शिपायाच्या प्रकरणात 1986 साली मुंबई उच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरवले. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी त्यात एक भेद मात्र स्पष्ट केला. माणूस स्वतः जीव देतो ती एक गोष्ट, दुसऱ्याने दयेपोटी का होईना त्याचा जीव घेणे ही दुसरी गोष्ट. 1994 साली सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनीही हे कलम रद्द ठरवले. पण 1996 साली पाच न्यायमूर्तींनी तो निर्णय फिरवला. जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही, असे त्यांनी सांगितले; मात्र आयुष्याचा शेवट जवळ आला असता तो सन्मानाने व्हावा, हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असेही म्हटले. पुढची सारी वाट या वाक्यातून निघाली.

तुम्ही म्हणाल, 309 चे पुढे काय झाले? 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसाकडे गुन्हेगार म्हणून न पाहता मदतीची गरज असलेला म्हणून पाहायला सांगितले, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या न्याय संहितेत ते कलम पूर्वीच्या रूपात उरलेले नाही. निराशेने खचलेल्या माणसाला माणसांची सोबत आणि उपचार हवे असतात. त्याचा प्रश्न आणि मरणपंथाला लागलेल्या रोग्याचा प्रश्न एक नव्हेत. ही गल्लत आपण करू नये.

न बोलणाऱ्या रोग्याचा प्रश्न देशापुढे आणला तो अरुणा शानभाग या परिचारिकेच्या दुर्दैवाने. ती मूळची उत्तर कन्नड जिल्ह्यातील हळदीपूरची आणि मुंबईच्या परळमधील के. ई. एम. रुग्णालयात नोकरीला. 27 नोव्हेंबर 1973 रोजी तिथल्याच एका सफाई कामगाराने तिच्यावर अत्याचार केला आणि साखळीने तिचा गळा आवळला. मेंदूचा प्राणवायू तुटला. त्यानंतर एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ ती त्याच रुग्णालयात खाटेवर पडून राहिली.

पत्रकार पिंकी विराणी यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, की हिला आता शांतपणे जाऊ द्या. पण तिची सेवा करणाऱ्या परिचारिका आणि डॉक्टर म्हणाले, नाही, आम्ही तिला सांभाळू. इतकी वर्षे अंथरुणावर असून तिच्या पाठीला जखम होऊ दिली नव्हती. माशाचे सूप दिले की तिच्या चेहऱ्यावर समाधान दिसते, असे त्यांनी कोर्टाला कळवले. बघा, दोन्ही बाजूंना माया होती आणि दोन्हींचे मागणे उलट होते. तिला स्वतःला काय हवे होते, हे सांगणारे कोणी नव्हते.

7 मार्च 2011 रोजी निकाल लागला. तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार सेवा करणाऱ्यांचा, असे न्यायालयाने मानले आणि अर्ज फेटाळला. 18 मे 2015 रोजी न्यूमोनियाने तिचे निधन झाले. परंतु त्याच निकालात प्रथमच एक दार किलकिले झाले. सुई टोचून प्राण घेणे हा गुन्हाच. पण केवळ यंत्रावर तगवून धरलेल्या, आशा नसलेल्या रोग्याचे उपचार उच्च न्यायालयाच्या परवानगीने थांबवता येतील, असे ठरले. वारसाहक्काच्या लोभाने नातेवाईक याचा गैरफायदा घेतील, ही भीतीही न्यायालयाने बोलून दाखवली. सातबाऱ्यावरून भाऊ भावाचे तोंड पाहत नाही, हे आपण गावोगाव पाहतो, तेव्हा ही भीती पोकळ म्हणता येणार नाही.

मग उपाय काय? ज्याचे मरण, त्याचाच शब्द आधी घेऊन ठेवायचा. 9 मार्च 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी असे पूर्वलिखित इच्छापत्र मान्य केले, आणि 24 जानेवारी 2023 रोजी त्याची रीत सोपी केली. सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या माणसाने, कुणाच्या दडपणाखाली न येता, दोन साक्षीदारांसमोर ते लिहायचे आणि नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यायचे. आपल्या वतीने कुणी बोलायचे, त्यांची नावे त्यात घालायची. एक प्रत नगरपालिकेने किंवा पंचायतीने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे राहते. मन बदलले तर ते केव्हाही लेखी रद्द करता येते. वेळ आली की डॉक्टरांची दोन मंडळे तपासणी करतात आणि उपचार थांबवण्याआधी रुग्णालय न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवते. इच्छापत्र नसेल, तर नातेवाइकांच्या संमतीने याच पायऱ्यांनी जावे लागते. शेजारच्या गोव्यात 2024 साली उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी स्वतःचे असे पत्र नोंदवून लोकांपुढे उदाहरण घालून दिले.

नेदरलँड्ससारख्या देशात 2002 पासून, कडक अटी पाळून, डॉक्टरला रोग्याचे आयुष्य त्याच्या विनंतीवरून संपवता येते. आपल्या न्यायालयांनी ती वाट धरलेली नाही, आणि मला ते योग्य वाटते. जिथे दवाखाना गाठायलाच दोन एस. टी. बदलाव्या लागतात, औषधाला पैसे नसतात, तिथे "मला मरू द्या" या शब्दांत खरी इच्छा किती आणि "मुलांवर भार नको" हा संकोच किती, हे कोण ठरवणार? आधी वेदना कमी व्हायला हवी. कर्करोगाच्या रोग्यांना मॉर्फीन सुलभ मिळावे म्हणून 2014 साली कायदा बदलला. पण कायदा बदलला म्हणून औषध लगेच तालुक्याला पोचते असे नाही. ते मागण्याचे काम आपले आहे.

शिक्षक बंधुभगिनींना माझी एक विनंती आहे. गावात अर्ज-कागद लिहून देण्यासाठी लोक तुमच्याकडे येतात. घरवाटणीचा कागद लिहून देताना म्हाताऱ्या माणसाला हेही विचारा, की शेवटच्या दिवसांत तुम्हाला काय हवे, काय नको, आणि ते मुलांना सांगितले आहे का? कुणी म्हणेल, शेवटपर्यंत झुंजवा. कुणी म्हणेल, घरी न्या. दोन्ही उत्तरे मानाची आहेत. कुठल्याही उत्तराकडे त्यांना वळवू नका, आणि उत्तर देताना जमिनीवर डोळा ठेवणारे कोणी जवळ बसलेले नाही, एवढे मात्र पाहा.