स्वयंरचित पदवी अभ्यासक्रम

स्वयंरचित पदवी अभ्यासक्रम : विद्यापीठाच्या ठरीव विषयांपैकी एक न घेता विद्यार्थ्याने प्राध्यापकांच्या मार्गदर्शनाखाली स्वतः आखलेला पदवीचा मुख्य विषय. स्वतंत्र अध्ययन हा त्याचा आधार होय. ही पद्धती प्रामुख्याने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विकसित झाली.

तेथील जुन्या महाविद्यालयांत ग्रीक, लॅटिन, गणित इत्यादींचा ठराविक पाठ्यक्रम सर्वांस सक्तीचा असे. हार्व्हर्डचे अध्यक्ष चार्ल्स विल्यम एलियट (कार. १८६९–१९०९) यांनी ही चौकट मोडली. १८९७ पर्यंत तेथे पहिल्या वर्षाच्या इंग्रजी लेखनाखेरीज जवळजवळ काहीच सक्तीचे उरले नव्हते. परंतु निवडीची मुभा म्हणजे अभ्यासाची आखणी नव्हे. परस्परसंबंध नसलेले प्राथमिक विषय घेऊनही पदवी मिळू लागली. म्हणून एलियट यांच्यानंतरचे अध्यक्ष ए. लॉरेन्स लोएल यांनी एका विषयाचे सखोल अध्ययन व अन्य ज्ञानशाखांचा परिचय असा दुहेरी नियम घातला.

स्वतंत्र अध्ययनास प्रतिष्ठा दिली ती स्वॉर्थमोर महाविद्यालयाने. ऑक्सफर्डमध्ये शिकलेले फ्रँक आयडेलॉट १९२१ मध्ये तेथे अध्यक्ष झाले. त्यांनी निवडक विद्यार्थ्यांना शेवटच्या दोन वर्षांत नेहमीच्या तासांऐवजी लहान चर्चागटांत शिकण्याची सोय केली. परीक्षक मात्र बाहेरचे असत. गुणवंत ठरलेल्यांपुरतीच असलेली ही सवलत सर्वांना का नसावी, हा प्रश्न पुढे विद्यार्थ्यांनीच उपस्थित केला. ब्राउन विद्यापीठात १९६६-६७ मध्ये आयरा मॅगझिनर, एलियट मॅक्सवेल प्रभृती विद्यार्थ्यांच्या गटाने पदवीशिक्षण हाच स्वतंत्र अध्ययनाचा विषय केला. त्यातून निघालेल्या विस्तृत अहवालाच्या आधारे मे १९६९ मध्ये प्राध्यापकवर्गाने नवा अभ्यासक्रम संमत केला व विषयवाटपाची सक्ती रद्द झाली. मॅसॅचूसेट्समधील हँपशर महाविद्यालयात (पहिली तुकडी १९७०) तर गुणांकनाऐवजी लेखी मूल्यमापन आले, आणि स्वतःची योजना आखणे हाच सर्वांसाठी नियम झाला.

सर्वसाधारणतः विद्यार्थी आपला प्रश्न, तो एका विभागात का सामावत नाही याचे कारण, निवडलेले पाठ्यविषय आणि अंतिम प्रकल्प लिहून देतो. समिती ते तपासते. हा अर्ज लिहिणे हीच खरी पहिली परीक्षा होय. दोन विभागांची केवळ बेरीज, किंवा अवघड भाग वगळून केलेली निवड, तेथेच उघडी पडते. मात्र असे मार्गदर्शन एकेका विद्यार्थ्यास स्वतंत्रपणे द्यावे लागते. त्यास लागणारा प्राध्यापकाचा वेळ अध्यापनाच्या तासांत सहजी मोजला जात नाही. आणि तो वेळ न मिळाल्यास स्वयंरचित अभ्यासक्रम व एलियटकालीन विस्कळीत निवड यांत फारसा फरक उरत नाही.