विकणे आहे: टायगर मॉथ

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली, नव्याने उभी केलेली टायगर मॉथ विमानं ब्रिटनमध्ये अजूनही अधूनमधून विकायला निघतात. जाहिरातीत चकचकीत पिवळा रंग, नवं कापड, इंजिन किती तास चाललंय, सगळं असतं. मी मात्र आधी पंख बघतो.

डी हॅविलंड कंपनीचं हे दुपंखी विमान पहिल्यांदा उडालं २६ ऑक्टोबर १९३१ ला. अशी ८ हजारांहून जास्त विमानं बनली. वैमानिकांच्या कित्येक तुकड्या यावर शिकल्या. शिक्षक पुढे, विद्यार्थी मागे. आधीच्या मॉथमध्ये पुढची सीट वरच्या पंखाखाली, दांड्यांच्या जंजाळात होती. पाठीवर पॅराशूट बांधलेल्या शिक्षकाने वेळ आली तर उडी मारायची कशी? म्हणून वरच्या पंखाचा मधला भाग पुढे सरकवला. झालं, तोल बिघडला! मग तो सावरायला पंख थोडे मागे वळवले. एक बग काढला की दुसरा निघतो, हे आपल्याला काही नवीन नाही.

आता गंमत बघा. नव्याने बांधताना कुजलेलं लाकूड बदलतात, कापड तर बदलावंच लागतं. मग मूळ विमानातलं उरतं काय? पंखांचा तो मागे वळलेला कोन. लाकूड नवं असलं तरी कोन तोच ठेवावा लागतो. पुढच्या सीटवरचा माणूस वाचावा म्हणून केलेली ती दुरुस्ती होती. माझ्या मते खरी किंमत तिचीच.