डी मॉयव्हरचीं सात पानें

महाविद्यालयांत थोडेंबहुत गणित शिकलेल्या आमच्या वाचकांस डी मॉयव्हर हें नांव ठाऊक असेल तें काल्पनिक संख्यांविषयींच्या त्याच्या सिद्धान्तामुळें. परंतु ता. १२ नोव्हेंबर १७३३ रोजीं लंडनमध्यें त्यानें जें सात पानांचें लॅटिन टिपण छापून मोजक्या स्नेह्यांस वाटलें, त्याची योग्यता आमच्या मतें त्या सिद्धान्ताहून अधिक आहे. ज्या घंटाकृति वक्रास गौसचा वक्र म्हणण्याची वहिवाट पडली, त्याचें सूत्र प्रथम या टिपणांत अवतरलें. आणि तेंहि निसर्गाचा एकादा गूढ नियम म्हणून नव्हे, तर आंकडेमोडीचे कष्ट वांचविण्याची एक युक्ति म्हणून.

नाणें ३६०० वेळां उडविलें, तर छापा सुमारें १८०० वेळां पडावा, हें कोणीहि सांगेल. पण तो १७७० ते १८३० यांच्या दरम्यान पडण्याचा संभव किती? द्विपद-सिद्धान्तानें याचें उत्तर तत्त्वतः देतां येतें. विस्तारांतील मधलीं एकसष्ट पदें काढावीं, त्यांची बेरीज करावी, आणि तिला २ च्या ३६०० व्या घातानें भागावें. हा भाजक १०८४ अंकी आहे! लेखणी-कागदावर ही बेरीज करण्यास कोण बसणार?

याच भिंतीशीं बाझलचा याकोब बर्नुली अडला होता. त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनीं, १७१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथांत एक उदाहरण आहे. पात्रांत पांढरे व काळे खडे ३ ास २ या प्रमाणांत आहेत. एकेक खडा काढून पाहून परत टाकावयाचा. पांढऱ्यांचें प्रमाण शेंकडा ५८ ते ६२ यांच्या दरम्यान येईल, अशी हजारास एक पैज मारावयाची तर किती वेळां खडे काढावे? बर्नुलीचें उत्तर २५,५५० असें आलें. पदांची बेरीज होईना, म्हणून त्यानें ती अमक्याहून कमी नाहीं एवढेंच सिद्ध केलें, व त्या सैल मर्यादेपायीं संख्या फुगली. डी मॉयव्हरच्या रीतीनें हाच हिशेब मांडला तर सुमारें साडेसहा हजार खडे पुरतात. अनुभवावरून अनुमान करणारास किती अनुभव पुरेसा, या प्रश्नांत एवढा फरक पडणें ही लहान गोष्ट नव्हे.

हा डी मॉयव्हर जन्मानें फ्रेंच प्रॉटेस्टंट. नांतचें फर्मान १६८५ मध्यें रद्द झाल्यावर धर्मापायीं परागंदा होऊन तो लंडनला आला. रॉयल सोसायटीनें १६९७ सालीं त्याला सभासद करून घेतलें, पण विद्यापीठाची जागा त्याला जन्मभर मिळाली नाहीं. घरोघरीं शिकवण्या, आणि जुगाराच्या व वर्षासनांच्या हिशेबांत लोकांना सल्ला, यांवर त्याचा चरितार्थ चाले. गणितांतील शंका घेऊन आलेल्यांना न्यूटन त्याच्याकडे पाठवी, असें सांगतात. मान होता, पण पगार नव्हता.

त्याची युक्ति अशी. मोठ्या संख्येच्या विस्तारांत मधलें पद सर्वांत मोठें. इतर पदें त्याच्या मानानें किती लहान, हें एका घातश्रेणीनें जवळजवळ अचूक सांगतां येतें. राहिला प्रश्न मधल्या पदाचा. तेथें एक स्थिरांक आडवा आला. अनंत श्रेणीचीं कांहीं पदें मिळवून डी मॉयव्हरनें तो २·५०७४ च्या जवळपास आणला व तेथेंच थांबला. पुढें त्याचा स्नेही जेम्स स्टर्लिंग यानें दाखविलें कीं, एक त्रिज्येच्या वर्तुळाच्या परिघाचें वर्गमूळ तोच हा स्थिरांक. नाण्याच्या उड्या आणि वर्तुळाचा परीघ! या दोहोंचा संबंध काय, हें विद्यार्थ्यांनीं विचारलें म्हणजे आम्हांला अद्यापि आनंद होतो.

आतां ३६०० ची गोष्ट. त्याचें वर्गमूळ ६०, त्याचें अर्ध ३०. आणि मध्यापासून दोहों बाजूंस ३० च्या आंत राहण्याचा संभव डी मॉयव्हरनें ०·६८२६८८ असा दिला. दोन्ही टोंकें धरून बारकाईनें पाहिल्यास तो सुमारें ०·६९०७ भरतो, कारण एकेक पद हा उभा स्तंभ मानला तर टोंकाच्या स्तंभांचे बाहेरचे अर्धे भाग या हिशेबांत सुटतात. परंतु या उण्यापेक्षां महत्त्वाचें तें वर्गमूळ. प्रयोग चौपट केले तर विचलन दुप्पटच वाढतें. म्हणजे अचूकपणा दुप्पट हवा असेल तर श्रम चौपट करावे लागतात. पुढील संख्याशास्त्राचा बराचसा व्यवहार या एका वाक्यावर चालतो.

गौसचा अधिकार आम्ही नाकारीत नाहीं. वेधांतील चुकांना हा वक्र लावून दाखविला तो त्यानें १८०९ मध्यें, आणि त्याला व्यापक आधार दिला तो लाप्लासनें. डी मॉयव्हरच्या दृष्टीला तें बेरजेचें साधनच होतें. तरीहि पाऊणशें वर्षांचा अग्रक्रम त्याचाच आहे. त्यानें तें टिपण लपवूनहि ठेविलें नव्हतें. १७३८ सालीं आपल्या संभाव्यतेवरील ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तींत त्याचें इंग्रजी रूप त्यानें छापलें. पण त्या ग्रंथांत फांसे-पत्त्यांचींच उदाहरणें फार; तेथें निसर्गाचा नियम शोधावयास कोण जाणार? तो १७५४ सालीं, सत्याऐशीं वर्षांचा होऊन, वारला. मूळ टिपणाकडे विद्वानांचें लक्ष वेधलें तें कार्ल पियर्सननें, १९२४ सालीं. तोंवर वक्राचें बारसें होऊन गेलें होतें. जर्मनीनें १९९१ सालीं काढलेल्या दहा मार्कांच्या नोटेवर हा वक्र सूत्रासह छापला, तो गौसच्या चित्राशेजारीं.